परतीचे शेवटचे तीनशे मैल: लांबच्या प्रवासाहून ट्रॅव्हल ट्रेलर घरी आणताना

पॅसिफिकच्या काठावरून न्यू जर्सीकडे तोंड फिरवलं की गाडीतली हवा बदलते. जाताना वाटेत दिसेल त्या पाटीपाशी थांबणारी माणसं परतताना जीपीएसवरचे तास मोजू लागतात. बैलगाडी हाकणाऱ्यांना हे ठाऊक असतं: घराची वाट दिसली की बैल आपणहून पाय उचलतात. फरक एवढाच, की आपल्या मागे सहा-सात हजार पौंडांचं चाकांवरचं घर, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर, जोडलेलं असतं आणि ते घाईत नीट चालत नाही.

आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. २४ फुटी ट्रेलर पिकअपला जोडून देश आडवा पार करून आम्ही तीनदा परत आलो आहोत. आमच्या ट्रेलरच्या जवळजवळ सगळ्या मोठ्या दुरुस्त्या परतीच्या आठवड्यातल्या किंवा घरी पोचल्यानंतरच्या चार दिवसांतल्या हलगर्जीतून निघाल्या. प्रवासाला कसं निघावं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. परत कसं यावं हे पहिल्यांदाच ट्रेलर घेणाऱ्यांना क्वचित कोणी सांगतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

दिवसाचे मैल आधी ठरवा

आय-८० हा महामार्ग सॅन फ्रान्सिस्कोपासून न्यू जर्सीतल्या टीनेकपर्यंत सुमारे २९०० मैलांचा आहे. नुसत्या मोटारीने लोक हे अंतर पाच दिवसांत कापतात. ट्रेलर मागे असताना दिवसाला तीनशे मैल ही आमची हद्द आहे आणि दुपारी तीन-साडेतीनला मुक्कामी पोचायचंच. म्हणजे परतीला दहा-बारा दिवस लागतात. रजा मोजताना हे दिवस धरा. ते धरले नाहीत तर शेवटच्या दोन दिवसांत सहाशे-सहाशे मैल मारायची वेळ येते आणि चालवणाऱ्याचं लक्ष नेमकं तिथेच सुटतं.

वायोमिंगमध्ये वाऱ्यासाठी एक दिवस हाताशी ठेवा. लॅरमी ते रॉलिन्स या पट्ट्यात वारा इतका असतो, की हलक्या आणि उंच गाड्यांना रस्ता बंद केल्याची सूचना लागते. आपला ट्रेलर त्याच वर्गात मोडतो. सूचना लागली असेल तर मुक्काम वाढवा. लॅरमीच्या पूर्वेला शर्मन समिट ८६४० फुटांवर आहे, आय-८० वरची ती सर्वांत उंच जागा. तिथून उतरताना गिअर खालचा ठेवा आणि ब्रेक सतत दाबून धरू नका. पूर्वेकडे आल्यावर घाट संपले असं वाटतं, पण पेनसिल्व्हेनियाच्या क्लिअरफील्ड काउंटीत हाच रस्ता पुन्हा २२५० फुटांवर चढतो आणि तेव्हा आपण दहा दिवसांचे थकलेले असतो.

वजन पुन्हा पाहा

निघताना आपण सामान विचारपूर्वक लावतो. परतताना जागा दिसेल तिथे कोंबतो: ओरेगनचे मधाचे डबे, मुलांनी गोळा केलेले दगड, वाटेत घेतलेल्या खुर्च्या. हे सगळं बहुधा मागच्या पलंगाखाली जातं.

गावाकडे बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ झाली म्हणतात, पुढे जास्त झालं की धुरजड. ट्रेलरचं गणित तेच आहे. त्याच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढे हिचवर, म्हणजे ट्रेलर पिकअपला जिथे जोडतो तिथे, यायला हवा. उलाळ झालेला ट्रेलर महामार्गावर डुलायला लागतो आणि ते डुलणं वाढत जाऊन पिकअपसकट सगळं फिरवू शकतं. तसं झालंच तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा, पिकअपचा ब्रेक दाबू नका, फक्त पिकअपमधल्या ब्रेक कंट्रोलरवरची हाताची कळ हळूच दाबून ट्रेलरचा ब्रेक लावा. ही कळ कुठे आहे ते अंधारातही हाताला सापडलं पाहिजे.

टाक्या रिकाम्या करून चाला. एक गॅलन पाणी म्हणजे सव्वाआठ पौंडांहून थोडं जास्त, म्हणजे चाळीस गॅलनची सांडपाण्याची टाकी भरली की सुमारे ३३० पौंड. ती चाकांच्या मागे असेल तर गाडी उलाळ करायला तेवढं पुरे. शंका आली तर वजन करून घ्या. मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे गाड्या तोलायचा काटा, असतो. आयोवात वॉलकॉटला आय-८० वरच प्रचंड मोठा ट्रक स्टॉप आहे, आम्ही परतीचं वजन तिथे करतो.

चाकं: दर थांब्याला पाच मिनिटं

ट्रेलरचे टायर एसटी प्रकारचे असतात. इथे एसटी म्हणजे स्पेशल ट्रेलर. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. जुन्या बऱ्याच एसटी टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते, ती ओलांडू नका. टायरच्या कडेला डीओटी अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे ३२२१ असे असतील तर तो टायर २०२१ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला. नक्षी नवीन दिसत असली तरी पाच-सहा वर्षांचा टायर देश पार करायला नेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

पेट्रोल भरायला थांबलात की इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही चाकांच्या मधल्या तुंब्याचं तापमान घ्या. आकडा किती आहे यापेक्षा तीन चाकं सारखी आणि एकच बरंच जास्त तापलेलं आहे का, ते पाहायचं. तसं असेल तर बेअरिंग सुकलंय किंवा ब्रेक अडकलाय. आम्हाला नेब्रास्कात हे वेळेवर कळलं, म्हणून चाक निखळण्याआधी गॅरेज गाठता आलं. दहा डॉलर किंवा वीस डॉलर, जे काही लागेल ते या थर्मामीटरवर खर्च करा.

इंडियानापासून पुढे

इंडियाना आणि ओहायोत आय-८० बहुतेक ठिकाणी टोलचा आहे. टोल ॲक्सलवर आकारतात: दोन ॲक्सलची पिकअप आणि दोन ॲक्सलचा ट्रेलर म्हणजे चार. घरी आल्यावर ई-झीपासचं (टोल आपोआप कापणाऱ्या पासचं) बिल उघडून ॲक्सलची संख्या बरोबर लागली का ते बघा. ओहायो टर्नपाइकच्या काही सर्व्हिस प्लाझांवर आरव्ही, म्हणजे आपल्यासारखी राहायच्या सोयीची गाडी, रात्रभर लावायची सोय आहे, एका रात्रीसाठी ती फार उपयोगी पडते.

ज्यांना दक्षिणेकडून, व्हर्जिनियामार्गे यायचं आहे त्यांनी बॉल्टिमोर सांभाळा. तिथले दोन्ही बोगदे, हार्बर टनेल आणि फोर्ट मॅकहेन्री टनेल, आपल्या नेहमीच्या २० पौंडी प्रोपेन टाक्या घेऊन ओलांडता येत नाहीत. पूर्वी असे लोक फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात. २६ मार्च २०२४ ला जहाज आदळून तो पूल पडला. आता शहराभोवतीच्या आय-६९५ या रस्त्याच्या पश्चिमेकडच्या वळशाने जायचं. साधं जीपीएस हे सांगत नाही, ते सरळ बोगद्याकडे नेतं. न्यूयॉर्क बाजूला राहणाऱ्यांनी तिथल्या पार्कवेंवर (फक्त मोटारींसाठीच्या रस्त्यांवर) ट्रेलर नेऊ नये, मनाई आहे आणि पुलांच्या कमानी बुटक्या आहेत.

उरलेलं जळाऊ लाकूड शेवटच्या मुक्कामालाच जाळून टाका किंवा तिथेच देऊन या. ॲश झाडं पोखरणारा एमराल्ड ॲश बोअरर हा किडा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि लाकडाच्या मोळ्यांबरोबर राज्याराज्यांत पसरला. स्पॉटेड लँटर्नफ्लाय ही दुसरी कीड २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत दिसली, आता ती आमच्या अंगणातही आहे. तिची अंडी वाळलेल्या चिखलाच्या पोपड्यासारखी दिसतात आणि गाडीच्या पत्र्यालाही चिकटतात. दिसली की खरवडून काढा.

शेवटचा मुक्काम घराजवळ करा

घरापासून शंभर मैलांच्या आत, सांडपाणी सोडायची सोय असलेल्या कॅम्पग्राउंडवर शेवटची रात्र काढा. या लेखातला सर्वांत उपयोगाचा सल्ला मला हाच वाटतो. आम्ही डेलावेअर वॉटर गॅपच्या आसपास थांबतो, तिथून एडिसन सत्तर-ऐंशी मैल. त्या रात्री खूप कामं उरकतात.

फ्रीजमधलं संपवायचं. उरलेल्या भाज्या, वाटीभर मटार, शेवटचे दोन कांदे, सगळं घालून मसालेभात होतो आणि बाहेर बसून खाताना सहल अजून संपलेली नाही असं वाटतं. मळके कपडे एका पोत्यात, औषधं आणि कागदपत्रं एका पिशवीत. घरी उतरवायच्या सामानाच्या पेट्या दाराशी.

सकाळी टाक्या रिकाम्या करायच्या, त्याचा क्रम लक्षात ठेवा. आधी ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची टाकी. ती पूर्ण रिकामी झाली की तिचा व्हॉल्व बंद करून मग ग्रे टँक, म्हणजे आंघोळ आणि भांड्यांचं पाणी. त्या साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. हातमोजे घाला, नळीचं तोंड घट्ट बसलंय याची खात्री केल्याशिवाय व्हॉल्व ओढू नका. मुक्कामात ब्लॅक टँकचा व्हॉल्व उघडा ठेवून राहिला असाल तर पाणी वाहून गेलेलं असतं आणि घट्ट भाग तळाशी बसलेला असतो. टाकीत बरंच पाणी भरा, दहा-वीस मैल चालवा, हिसक्यांनी ते सुटतं, मग सोडा. आणि घराजवळच्या रस्त्याकडेच्या गटारात ग्रे टँकसुद्धा कधीही सोडू नका. ते पावसाचं गटार असतं, पाणी सरळ नदीत जातं, आणि कायद्यानेही गुन्हा आहे.

वाटेत डंपची, म्हणजे सांडपाणी सोडायची, सोय असलेलं कॅम्पग्राउंड मिळालंच नाही तर आयोवासारख्या राज्यांत महामार्गावरच्या काही रेस्ट एरियात आणि ठिकठिकाणच्या ट्रक स्टॉपवर ती मिळते. पण घराजवळची जागा आधी शोधून ठेवलेली बरी.

घराच्या दारात

सकाळी अकरा ते एकच्या मध्ये पोचा. त्या वेळी गल्ल्या रिकाम्या असतात. तीनच्या सुमारास स्कूल बस फिरू लागतात, त्यांचे लाल दिवे लागले की दोन्ही बाजूंची वाहतूक थांबते, आणि आडवा लावलेला ट्रेलर घेऊन त्यात अडकणं सगळ्यांनाच त्रासाचं. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी फोन करून समोरच्या कडेला गाडी लावू नका म्हणून विनंती करा. कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायचा वारही बघा.

ड्राइव्हवेत ट्रेलर मागे घालताना आमच्या घरी मी चालवते आणि नवरा मागे उभा राहतो. स्टिअरिंग तळाशी धरायचं: हात डावीकडे नेला की ट्रेलरची शेपूट डावीकडे जाते, उजवीकडे नेला की उजवीकडे. फार हळू. मागे उभं राहणाऱ्याला माझा आरसा दिसत नसेल तर मलाही तो दिसत नाही, हे दोघांनी पक्कं ठरवलेलं असावं. खुणा निघायच्या आधी ठरवा. "ये, ये, ये" ऐकून काहीच कळत नाही. जरा शंका आली की थांबा, उतरा, स्वतः बघा. वरही बघा. झाडाची फांदी आणि छपराची पन्हाळ आरशात दिसत नाहीत.

आता सोडवणं. क्रम असा:

१. ट्रेलरच्या चाकांखाली दोन्ही बाजूंनी चॉक, म्हणजे अडसराचे ठोकळे. बाकी काहीही करायच्या आधी हेच. ड्राइव्हवेला उतार असतो, हिच सुटल्यावर ट्रेलरला धरून ठेवणारं दुसरं काही नसतं.
२. जॅकखाली लाकडी ठोकळा, मग जॅक खाली.
३. हिचला वजन विभागणाऱ्या पोलादी पट्ट्या असतील तर जॅकने ट्रेलरचं तोंड आणि पिकअपचा मागचा भाग दोन्ही उचला. पट्ट्या सैल झाल्या की काढा. ताणलेली पट्टी हाताने उखडायला गेलात तर ती उसळून मनगट किंवा जबडा मोडू शकते.
४. कपलरची (ट्रेलरच्या तोंडाच्या खोबणीची) कडी उघडून ट्रेलर हिचच्या चेंडूवरून वर घ्या. साखळ्या तोवर राहू द्या.
५. शेवटी साखळ्या, ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचा ब्रेक लावणारी) आणि विजेचा प्लग. प्लगचं तोंड खाली करून टांगा, पाणी जाणार नाही.
६. कपलरला कुलूप. घरासमोरून ट्रेलर चोरीला जातात.

विजेबद्दल एक कळकळीची सूचना

फ्रीज गार ठेवायला किंवा बॅटरी चार्ज करायला ट्रेलर घरच्या विजेला जोडावासा वाटतो. घरच्या साध्या १५ अँपिअरच्या प्लगला अडॅप्टर लावून तो जोडता येतो. त्यावर दिवे, चार्जर, फ्रीज चालतो, एअर कंडिशनर चालवू नका. एक्स्टेन्शन वायर जाड आणि आखूड घ्या.

पुढे आपण म्हणतो, कायमचा ३० अँपिअरचा प्लग बसवून घेऊ. इथे जपा. ट्रेलरचा ३० अँपिअरचा प्लग १२० व्होल्टचा असतो. कपडे वाळवायच्या ड्रायरचा प्लगही ३० अँपिअरचा, दिसायला जवळपास तसाच, पण २४० व्होल्टचा. घरांत काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनच्या डोळ्यांसमोर ड्रायर असतो आणि तो सवयीने २४० ची जोडणी करतो. ट्रेलर जोडला की मायक्रोवेव्ह, कन्व्हर्टर, टीव्ही एका क्षणात जळतात. आमच्या परिचितांच्या बाबतीत हे झालेलं मी पाहिलं आहे. "टीटी-३०, १२० व्होल्ट" असं कागदावर लिहून द्या आणि जोडण्याआधी मल्टिमीटरने स्वतः मोजा.

पहिले दोन दिवस: रिकामा करा, कोरडा करा

ड्राइव्हवेत ट्रेलर किती दिवस उभा चालतो, हे टाउनशिप, म्हणजे गावचं प्रशासन, आणि एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, ठरवतं. सामान चढवण्या-उतरवण्यापुरती मुभा बऱ्याच ठिकाणी असते. प्रवासाला निघण्याआधीच विचारून ठेवा आणि स्टोरेज लॉटची जागा नक्की करा.

खाण्याचा एक कणही आत ठेवू नका. पहिल्या वर्षी थालीपिठाच्या भाजणीची अर्धी पिशवी वरच्या कपाटात राहून गेली. मार्चमध्ये दार उघडलं तेव्हा उंदरांनी गादी, वायरिंग आणि पडदे कुरतडले होते. पोहे, चिवडा, शेंगदाणे, साबणाची वडीसुद्धा घरात न्या. खालून पाइप आणि वायरी आत येतात त्या भोकांत स्टील वूल कोंबा. लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका, व्हॅक्यूमही लावू नका. १९९३ मध्ये न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि युटा यांच्या सीमाभागात हांटाव्हायरसने माणसं गेली. त्याची लागण डिअर माउस या उंदराच्या लेंड्या-मुताची धूळ श्वासातून आत गेली की होते, आणि आपण पश्चिमेतूनच परत आलेलो असतो. दारं-खिडक्या उघडून हवा खेळू द्या, हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी शिंपडा, पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदाने पुसून घ्या.

फ्रीज बंद, दार फटीत कापड अडकवून उघडं. ऑनिंग, म्हणजे बाहेरची गुंडाळायची कापडी सावली, पावसात गुंडाळली असेल तर त्याच आठवड्यात उघडून पूर्ण वाळवा. प्रोपेनच्या टाक्यांचे नळ बंद.

छत दोन्ही दिवसांत कधीतरी नीट बघाच. ट्रेलर आतून कुजवतं ते पाणीच. छतावर चढता येतं का हे मॅन्युअलमध्ये पाहा, नाहीतर शिडीवरून बघा: व्हेंट, अँटेना, कडांच्या पट्ट्या, जिथे जिथे भोक आहे तिथलं सीलंट. भेग असेल तर छतासाठीचं लॅप सीलंट लावा. साधं सिलिकॉन रबरी छताला धरत नाही आणि त्यावर पुढे दुसरं काही चिकटतही नाही. आत जाऊन कपाटांचे कोपरे बोटांनी दाबा. भिंत मऊ लागली तर पाणी आधीच शिरलंय.

थंडीआधी पाणी काढा

ऑक्टोबर संपता संपता न्यू जर्सीत पाणी गोठवणाऱ्या रात्री सुरू होतात. पाइपमध्ये राहिलेलं पाणी गोठून फुगतं आणि सांधे फोडतं. वसंतात नळ सोडल्यावरच ते कळतं.

वॉटर हीटर बंद करून काही तास थंड होऊ द्या. गरम पाण्याचा नळ उघडून दाब काढा, मगच खालचं बूच काढा, नाहीतर उकळतं पाणी अंगावर येईल. काही हीटरांत बुचालाच अॅनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी कांडी) असतो. तो तीन चतुर्थांश झिजला असेल तर बदला. मग ताज्या पाण्याची टाकी आणि पाइपांची सर्वांत खालची तोंडं उघडून सगळं वाहू द्या.

हीटर बायपासवर टाका, म्हणजे पाइपातलं त्यात न शिरता बाजूने जाईल. पंपाची नळी गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझच्या कॅनमध्ये सोडा. गुलाबीच. मोटारीच्या रेडिएटरचं अँटिफ्रीझ विषारी असतं, ते पिण्याच्या पाण्याच्या पाइपांत कधीच नको. पंप चालू करून एकेक नळ, गरम आणि थंड दोन्ही, गुलाबी येईपर्यंत उघडा. कमोड, शॉवर आणि सर्वांच्या विसरण्यातला बाहेरचा शॉवर. प्रत्येक मोरीच्या जाळीतून कपभर ओता. साधारण दोन-तीन गॅलन लागतं.

बॅटरी सुटी करा. गॅस डिटेक्टर बंद ट्रेलरमध्येही ती हळूहळू पीत राहतो. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा, उतरलेली असली तर थंडीत गोठून फुटते. लिथियम शून्य सेल्सियसखाली चार्ज करू नका, घरात आणलेली बरी.

वही आणि हिवाळा

पाच-सहा हजार मैल हादरे खाल्लेल्या घरात स्क्रू ढिले होणारच. कुठलं कपाट आपोआप उघडलं, कुठला नळ गळत होता, कुठला दिवा लुकलुकला, हे परतल्याच्या आठवड्यातच वहीत लिहा. महिन्याभराने आठवत नाही. बेअरिंगना वर्षातून एकदा किंवा बारा हजार मैलांना ग्रीस भरून घ्यायचं, तेही लिहा. दुरुस्तीची वेळ आत्ताच, शरदात घ्या. एप्रिलमध्ये सगळेच फोन करतात आणि ट्रेलर मे महिनाभर रांगेत राहतो.

स्टोरेज लॉटवर टायर लाकडी फळ्यांवर उभे करा, हवा पूर्ण भरा, उन्हापासून झाकणं घाला. स्लाइड-आउट, म्हणजे बाहेर सरकणारा खोलीचा भाग, आत. महिन्यातून एकदा, जोराचा पाऊस किंवा बर्फ पडून गेल्यावर, तासभर जाऊन या. आत वास घ्या, छताच्या कोपऱ्यांना हात लावा, सिंकखाली टॉर्च मारून लेंड्या बघा, टायरची हवा मोजा, आणि वहीत तारीख घाला.